ऋणाचें मूळ आणि चिमुकलें गणकयंत्र

प्रभादेवीच्या एखाद्या जुन्या चाळींत, रात्रीं शेजारपाजार निजल्यावर, अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी संगणकासमोर बसलेला असतो. पडद्यावर चित्र नाहीं, बटणें नाहींत, रंगांची आरास नाहीं. काळ्या पाटीवर एक खूण तेवढी लुकलुकत त्याच्या आज्ञेची वाट पाहत असते. तो दोन आंकडे टंकतो, पुढें एक चिन्ह टंकतो आणि खालच्या ओळींत उत्तर उमटतें. अशा गणकांत 'डीसी' नांवाचा एक फार जुना आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्स ही संगणकव्यवस्था आकारास येत होती, त्या आरंभींच्या काळांतला त्याचा जन्म; रॉबर्ट मॉरिस आणि लॉरिंडा चेरी हे त्याचे कर्ते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, शेंकडों दशांश स्थळांपर्यंत नेलेला भागाकार, वर्गमूळ, हें सारें तो मुकाट्यानें करतो. परंतु उणे एकाचें वर्गमूळ काढावयास सांगितलें कीं तो थांबतो. ऋण संख्येचें वर्गमूळ मागितलें गेलें आहे, एवढी नोंद तो करतो आणि स्वस्थ बसतो.

विद्यार्थ्याला तर नेमकें तेंच मूळ हवें असतें. त्याच्या विजेच्या गणितांत पावलोपावलीं त्याची गरज पडते. अशा काटकसरी गणकाला संमिश्र संख्या, म्हणजे ज्यांत ऋणाचें मूळ मिसळलेलें असतें अशा संख्या, शिकवाव्यात कीं काय, आणि शिकवावयाच्या तर त्यासाठीं किती किंमत मोजावी, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिरांचा वाटतो. परंतु त्याची मुळें फार खोल गेलेलीं आहेत, आणि त्यांतील एक मूळ खुद्द मुंबईच्या मातींत आहे.

प्रथम नकाराकडे पाहूं. हा नकार त्या यंत्राच्या कर्त्यांनीं नव्यानें शोधून काढलेला नाहीं. राष्ट्रकूट नृपति अमोघवर्ष याच्या काळीं, इसवी सन ८५० च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्य यानें आपल्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथांत स्पष्ट सांगून ठेवलें आहे कीं, ऋण राशि ही स्वभावतःच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाहीं. पुढें तीनशें वर्षांनीं भास्कराचार्यांनीं आपल्या बीजगणितांत हाच निर्णय दिला. धनाचा वर्ग धन, ऋणाचाही वर्ग धन. तेव्हां धनाचीं मुळें दोन, एक धन आणि एक ऋण. आणि ऋणाला मूळच नाहीं, कारण तें कोणाचाच वर्ग नाहीं. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ ११५० चा. चाळीसगांवाजवळ पाटण येथें त्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. त्याची साक्ष देणारा शिलालेख एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला, ही गोष्ट महाराष्ट्रांत पुष्कळांना ठाऊक आहे.

भास्कराचार्यांचा नकार आळसाचा नव्हता, हें त्यांच्या वानरांच्या उदाहरणावरून दिसतें. वानरांच्या एका कळपाचा पांचवा हिस्सा घेऊन त्यांतून तीन वजा केले आणि जें उरलें त्याचा वर्ग केला; तितकीं वानरें गुहेंत शिरलीं आणि एक वानर फांदीवर चढलेलें दिसलें; तर एकंदर वानरें किती? गणित सोडविलें म्हणजे दोन उत्तरें येतात, पन्नास आणि पांच. पन्नासाचा पंचमांश दहा, उणे तीन म्हणजे सात, साताचा वर्ग एकूणपन्नास, आणि फांदीवरचें एक मिळून पन्नास. हें नीट जुळतें. पांच घेतले तर पंचमांश एक, एकांतून तीन गेले म्हणजे उणे दोन, त्याचा वर्ग चार, आणि एक मिळून पांच. हेंही आंकड्यांनीं जुळतें! तरीही भास्कराचार्यांनीं दुसरें उत्तर टाकून दिलें. वजा दोन वानरें कोणी पाहिलीं आहेत? आंकडा जुळला म्हणून उत्तर खरें होत नाहीं, प्रश्नांतल्या वस्तूला तें शोभलें पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. गणकाच्या नकारामागेंही हीच शिस्त आहे, आणि तिची किंमत कळावयास थोडें पुढें जावें लागेल.

युरोपांत या मुळांची कहाणी निराळ्या वाटेनें गेली. इटलींत कार्दानो यानें १५४५ सालीं घनसमीकरण सोडविण्याची रीत प्रसिद्ध केली. त्या रीतींत एक चमत्कार होता. एका संख्येचा घन हा त्याच संख्येच्या पंधरापटींत चार मिळविले असतां येतो, तर ती संख्या कोणती? उत्तर चार आहे, हें शाळकरी मुलालाही ताडून पाहतां येईल: चाराचा घन चौसष्ट, आणि साठ अधिक चार तितकेच. परंतु कार्दानोच्या रीतीनें जावें तर वाटेंत उणे एकशें एकवीसाचें वर्गमूळ आडवें येतें. बोम्बेली नांवाच्या एका इंजिनियरानें, ज्याचा उदरनिर्वाह दलदली कोरड्या करण्याच्या कामावर चालत असे, १५७२ सालच्या आपल्या ग्रंथांत धीर करून त्या अशक्य मुळाशीं नेहमींच्या नियमांनींच व्यवहार केला. दोन घनमुळें निघालीं: एक, दोन अधिक उणे एकाचें मूळ, दुसरें, दोन वजा तेंच मूळ. बेरीज घेतांच अशक्य भाग परस्परांस खाऊन गेले आणि हातीं राहिले चार. वाटेंतच थबकणारा गणक या चारापर्यंत कधींच पोहोंचला नसता.

देकार्तनें १६३७ सालीं या मुळांना 'काल्पनिक' हें नांव दिलें, आणि तें दुर्दैवानें चिकटलें. पुढें वेसेल या भूमापन करणाऱ्या गृहस्थानें १७९७ सालीं त्यांचें चित्र काढून दाखविलें. साध्या संख्या एका आडव्या रेषेवर मांडाव्यात, आणि उणे एकाच्या मुळानें गुणणें म्हणजे त्या रेषेवरून काटकोनांत वळणें, असें समजावें. दोनदां वळलें कीं माणूस पाठमोरा होतो, म्हणजे उणे एक होतो. त्यांत काल्पनिक तें काय राहिलें? आयर्लंडच्या हॅमिल्टननें १८३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत आणखी सोपें केलें. संमिश्र संख्या म्हणजे नुसती दोन साध्या संख्यांची जोडी आणि जोडीच्या गुणाकाराचा एक ठराविक नियम, एवढेंच. गणकयंत्राला जें समजूं शकतें तें हेंच, कारण यंत्राला तत्त्वज्ञान कळत नाहीं, जोडी कळते.

आतां मुंबईकडे वळूं. १७ डिसेंबर १८६१ रोजीं कुलाब्यांत एका आयरिश कुटुंबांत आर्थर एडविन केनेली याचा जन्म झाला. अगदीं लहानपणींच त्यानें मुंबई सोडली. पुढें तो अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंत काम करीत होता आणि कालांतरानें हार्वर्ड विद्यापीठांत प्राध्यापक झाला. रेडिओच्या श्रोत्यांचें तर त्याच्याशीं दुहेरी नातें आहे. रेडिओच्या लहरी पृथ्वीच्या गोलाईपलीकडे पोहोंचतात त्या वातावरणाच्या वरच्या भागांतील विद्युन्मय थरावरून परावर्तित होऊन, ही कल्पना १९०२ सालीं त्यानें मांडली, आणि त्या थराला पुष्कळ वर्षें त्याचें आणि हेविसाइडचें नांव जोडून देत असत.

परंतु येथें आपल्या कामाचा आहे तो त्याचा १८९३ सालचा निबंध. त्या काळीं एका दिशेनें वाहणाऱ्या विजेऐवजीं उलटसुलट वाहणारी वीज नुकतीच कामास लावली जात होती. या विजेचा दाब आणि तिचा प्रवाह हे दोन्ही लाटेसारखे चढत-उतरत असतात, परंतु एकाच वेळीं नव्हे. तारेचें वेटोळें मध्यें आलें कीं प्रवाह दाबाच्या मागें पडतो. लेझमीच्या रांगेंत एक गडी तालावर आणि दुसरा पाव ताल उशीरा खेळूं लागला, तर त्यांच्या हालचालींची बेरीज सरळ करतां येत नाहीं, तसेंच येथें होतें. तारेचा रोध तीन आणि वेटोळ्याचा अडथळा चार असेल तर दोन्ही मिळून सात होत नाहींत, पांच होतात, कारण ते एकमेकांशीं काटकोनांत आहेत. केनेलीनें दाखवून दिलें कीं रोध ही पहिली संख्या आणि अडथळा ही दुसरी, अशी जोडी धरून तिला संमिश्र संख्या मानलें कीं ओहमचा जुना साधा नियम जसाच्या तसा लागूं पडतो. त्याच वर्षीं स्टाइनमेट्झ यानें शिकागो येथील विद्युत्परिषदेंत हीच पद्धत विस्तारानें मांडली, आणि इंजिनियर मंडळींत ती रूढ झाली. विजेच्या प्रवाहासाठीं इंग्रजी 'आय' हें अक्षर त्यांनीं आधींच वापरलें असल्यामुळें उणे एकाच्या मुळासाठीं त्यांनीं 'जे' घेतलें. गणिती आणि इंजिनियर यांच्यांतला हा अक्षरभेद आजतागायत मिटलेला नाहीं.

मुंबईंत याचा प्रत्यय येण्यास फार दिवस लागले नाहींत. लोणावळ्याच्या तलावांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस उतरवून वीज निर्माण करण्याच्या टाटांच्या योजनेची कोनशिला १९११ सालीं बसली, आणि १९१५ सालीं ती वीज तारांवरून परळपर्यंत आली. तिचीं पहिलीं मोठीं गिऱ्हाइकें म्हणजे गिरण्या. परळ, लालबाग, प्रभादेवी या भागांत तोंपर्यंत कोळशाच्या धुरावर फिरणारे मागांचे पट्टे आतां विजेच्या मोटारींनीं फिरूं लागले. गिरणींतली मोटार म्हणजे तारेचीं वेटोळींच. तिचा प्रवाह दाबाच्या मागें पडणारच. किती मागें पडेल, तार किती जाड घ्यावी, दाब किती उतरेल, हें ज्या हिशेबानें ठरतें तो हिशेब कुलाब्यांत जन्मलेल्या केनेलीनें सुचविलेला. साच्यावर उभा असलेल्या कामगाराला याची वार्ता असण्याचें कारण नव्हतें. त्याच्या कानीं भोंगा तेवढा येत असे.

हिशेब सोपा झाला खरा, पण मेहनत वाढली. दोन संमिश्र संख्यांचा एक गुणाकार म्हणजे चार साधे गुणाकार, एक बेरीज आणि एक वजाबाकी. तीन-चार ही जोडी चार-तीन या जोडीनें गुणावयाची असेल तर पहिल्यांचा गुणाकार बारा, दुसऱ्यांचा गुणाकार बारा, त्यांची वजाबाकी शून्य. आडवे-तिडवे गुणाकार नऊ आणि सोळा, त्यांची बेरीज पंचवीस. म्हणून उत्तर शून्य-पंचवीस. दहा-दहा अंकी आंकडे घेऊन असे शेंकडों गुणाकार करावयाचे म्हटल्यावर कागद आणि माणसें दोन्हीं झिजतात. दूरध्वनीच्या तारांची आंखणी करणाऱ्या बेल प्रयोगशाळेंत हें काम मेजावरचीं हातयंत्रें घेऊन बसलेल्या स्त्रियांचा एक समूह करीत असे. 'कंप्यूटर' हा शब्द त्या काळीं अशा माणसांनाच लावीत.

त्याच प्रयोगशाळेंत जॉर्ज स्टिबिट्झ हा गणिती नोकरीस होता. १९३७ सालच्या नोव्हेंबरांत त्यानें घरच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, टेलिफोन-केंद्रांतले टाकाऊ रिले, म्हणजे विजेनें उघडझांप करणारे चाप, कांहीं दिवे आणि डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या यांची जुळणी करून दोन अंकांची बेरीज करणारें एक खेळणें बनविलें. वरिष्ठांनीं पाहिलें आणि विचारलें: याच्याकडून संमिश्र संख्यांचे गुणाकार करून घेतां येतील काय? सॅम्युएल विल्यम्स या इंजिनियराच्या साह्यानें १९३९ सालीं असें यंत्र उभें राहिलें आणि १९४० च्या जानेवारींत कामाला लागलें. त्यांत सुमारें साडेचारशें रिले होते. त्याचें नांवच 'संमिश्र संख्यांचा गणक' असें होतें. केनेली १९३९ च्या जूनमध्यें वारला होता.

या यंत्राची रचना पाहण्याजोगी आहे. तें एक यंत्र नव्हतें, जोडगणक होता. जोडीच्या पहिल्या आंकड्यासाठीं एक भाग आणि दुसऱ्यासाठीं दुसरा, दोघे बरोबरीनें काम करीत. हॅमिल्टनची जोडी लोखंडांत उतरली ती अशी. आणखी गंमत म्हणजे त्याला आरंभीं केवळ गुणाकार-भागाकार येत. बेरीज आणि वजाबाकी मागाहून शिकविण्यांत आली. यंत्र एका खोलींत आणि त्याला प्रश्न विचारणारीं टंकयंत्रें दुसऱ्या खोल्यांत, अशी सोय होती. ११ सप्टेंबर १९४० रोजीं न्यू हॅम्पशायर प्रांतांत डार्टमथ कॉलेजांत भरलेल्या गणितज्ञांच्या सभेंत स्टिबिट्झनें दूरमुद्रक यंत्र मांडलें. प्रश्न तेथें टंकावयाचा. तो तारेनें न्यूयॉर्कला जाई आणि उत्तर तेथून छापून येई. नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉक्ली यांनीं हें यंत्र स्वतः चालवून पाहिलें. एक ओळ टंकावी आणि खालीं उत्तर उमटावें ही प्रभादेवीच्या विद्यार्थ्याची रीत त्या दिवशीं सभेंत दाखविली गेली, आणि तीही नेमकी ऋणाच्या मुळासाठीं! त्याच प्रयोगशाळेंत पुढच्या पिढींत जन्मलेल्या 'डीसी'ला मात्र तें मूळ माहीत नाहीं, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

मग 'डीसी'ला तें शिकविण्यांत अडचण काय? अडचण पहिल्या अक्षरापासून आहे. हा गणक चळतीवर चालतो. आंकडे ताटल्यांसारखे एकावर एक ठेवावयाचे, आणि मग चिन्ह टंकलें कीं वरचे दोन उचलले जाऊन त्यांचें उत्तर त्यांच्या जागीं ठेवलें जातें. प्रत्येक अक्षर ही एक आज्ञा आहे. वजाबाकीचें चिन्ह वजाबाकीला लागलें, म्हणून उणे पांच लिहावयाचे तर आंकड्यापूर्वीं खालची आडवी रेघ टंकावी लागते. ऋणालाच जेथें वेगळी पाटी घ्यावी लागली तेथें ऋणाच्या मुळाला जागा कोठून मिळणार? 'आय' हें अक्षर कोणत्या पायाचे आंकडे टंकले जात आहेत हें ठरविण्याकडे गेलें आहे. आणि 'डीसी'चा सोबती 'बीसी', ज्यांत चिन्ह दोन आंकड्यांच्या मध्यें लिहितां येतें, त्याच्या गणितसंग्रहांत इंजिनियरांचें 'जे' बेसेलच्या फलांना देऊन टाकलेलें आहे.

अक्षर कसें तरी सांपडेल. पण चळतींतली प्रत्येक ताटली आतां दुहेरी करावी लागते. १९८२ सालीं, म्हणजे ज्या वर्षाच्या जानेवारींत परळ-प्रभादेवीच्या गिरण्या संपानें थंड झाल्या त्याच वर्षीं, ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें 'पंधरा-सी' नांवाचा खिशांत मावणारा गणक बाजारांत आणला. त्यालाही चळत होती, चार ताटल्यांची. संमिश्र संख्या हव्या असल्या तर तो आपल्या स्मरणांतले पांच कप्पे मोडून शेजारीं दुसरी चळत उभी करीत असे. ज्याला हें नको त्याचे कप्पे शाबूत राहत. किंमत कोणी आणि केव्हां द्यावयाची हें त्यांत नीट ठरविलेलें होतें.

तिसरी अडचण अधिक खोल आहे. साध्या संख्यांत एक मोठी, दुसरी लहान, हें सांगतां येतें. जोड्यांत तें सांगतां येत नाहीं. रेषेवर पुढें-मागें असतें, पटांगणावर कोण पुढें हें कोणी सांगावें? गुणाकार-बेरजेच्या नियमांशीं जुळेल असा लहानमोठेपणा संमिश्र संख्यांत लावतांच येत नाहीं. 'डीसी'मध्यें तर 'हें त्याहून मोठें असेल तर अमुक करावें' या आज्ञांवरच लांबलचक गणितांच्या फेऱ्या चालतात. तेथें एखादी जोडी येऊन पडली तर यंत्रानें काय करावें? आणि वर्गमूळ काढतांना दोन मुळांपैकीं कोणतें द्यावें, याचाही ठराव करावा लागतो. तो ठराव केला कीं 'मुळांचा गुणाकार म्हणजे गुणाकाराचें मूळ' हा शाळेंत घोकलेला नियम मोडतो. उणे एकाचें मूळ उणे एकाच्या मुळानें गुणलें तर उणे एक येतो. आधीं गुणून मग मूळ काढलें तर अधिक एक. दोन्ही उत्तरें एकदम खरीं धरतां येत नाहींत.

परंतु सर्वांत मोठी अडचण सुताराच्या शिडींत आहे. तेरा फूट शिडी बारा फूट उंचीच्या खिडकीला टेकवावयाची, तर तिचा पाय भिंतीपासून किती अंतरावर येईल? तेराच्या वर्गांतून बाराचा वर्ग वजा करावा, पंचवीस उरतात, मूळ पांच. घाईंत आंकडे उलटे टंकले तर उणे पंचवीस येतात. साधा गणक तेथेंच अडतो, आणि हात कोठें चुकला हें सुताराला लगेच कळतें. संमिश्र संख्या शिकलेला गणक मात्र हूं कीं चूं न करतां 'पांच' सांगतो आणि त्याला एक लहानसें अक्षर चिकटवितो. घाईंतल्या माणसाच्या डोळ्यांना तें अक्षर दिसेलच असें नाहीं. वजा दोन वानरांना भास्कराचार्यांनीं जो दरवाजा बंद केला, तो या सुतारासाठींच जणू बंद केला होता. म्हणून सर्वांसाठीं एकदम दार सताड उघडणाऱ्या सुधारणेपेक्षां 'पंधरा-सी'ची रीत अधिक शहाणपणाची वाटते. तिच्यांत ठराविक खूण चढविल्याखेरीज उणे एकाचें मूळ मागितलें तर चूक दर्शविली जाई. खूण चढविली कीं मूळ मिळे. अलीकडील पायथन या संगणकभाषेंतही दोन निराळे संग्रह ठेवलेले आहेत. साध्या गणिताच्या संग्रहाकडे मागितलें तर नकार, संमिश्र गणिताच्या संग्रहाकडे मागितलें तर 'जे'. अक्षर इंजिनियरांचेंच.

'डीसी'च्या बाबतींत तर त्याच्या पोटांत हात घालावयाचीही गरज नाहीं. प्रभादेवीच्या विद्यार्थ्यानें तीन, चार, चार, तीन असे चार आंकडे चळतीवर ठेवावेत. वरून एकेक उचलून चार नांवांच्या चार कप्प्यांत ठेवावा. मग पहिला आणि तिसरा गुणावा, दुसरा आणि चौथा गुणावा, वजाबाकी करावी. पहिला आणि चौथा गुणावा, दुसरा आणि तिसरा गुणावा, बेरीज करावी. ही सारी कृति चौकोनी कंसांत एकदां लिहून एका अक्षराच्या कप्प्यांत ठेवली म्हणजे पुढें तीन अक्षरें टंकलीं कीं पुरे. चळत छापून पाहिली तर तिच्यावर दोन ताटल्या असतात: वरच्या ताटलींत पंचवीस, खालच्या ताटलींत शून्य.